कॉन्फिगरेशन मॅनेजर: तीस वर्षांचं धूड अजून कामाचं आहे, खाती तेवढी आवरा

मायक्रोसॉफ्टचं हे सॉफ्टवेअर 1994 मध्ये सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर म्हणून आलं, 2007 मध्ये सिस्टिम सेंटर कॉन्फिगरेशन मॅनेजर झालं, 2019 मध्ये नावाला एंडपॉइंट हा शब्द चिकटला आणि आता ते नुसतं कॉन्फिगरेशन मॅनेजर उरलंय. चालवणारे आम्ही सगळे मात्र अजून एससीसीएमच (सिस्टिम सेंटरवाल्या नावाची आद्याक्षरं) म्हणतो, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

मी ते दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आधी एका बाहेरच्या एजन्सीने बसवून दिलेलं ताब्यात घेतलं, मग नव्या सर्व्हरवर पहिल्यापासून स्वतः उभं केलं. मत आधीच सांगून टाकते: विंडोजची हजारो मशीन एका जागेवरून सांभाळायची, त्यावर सॉफ्टवेअर टाकायचं, पॅच (दुरुस्त्या) मारायचे, नवी इमेज (तयार विंडोजची अख्खी प्रत) चढवायची, यासाठी इतकं सखोल दुसरं काही मी वापरलेलं नाही. पण नेक्स्ट-नेक्स्ट करत बसवलं आणि 'चाललं बुवा' म्हणून सोडून दिलं, तर तुम्ही स्वतःच्या हाताने नेटवर्कमधली सर्वात मोठं खिंडार पाडून ठेवलंत. याचा एजंट, म्हणजे सर्व्हरचं ऐकणारा छोटा प्रोग्रॅम, प्रत्येक मशीनवर सिस्टिम या विंडोजच्या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकारात चालतो. कन्सोल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळी मशीन, डोमेन कंट्रोलरवर (संस्थेची सगळी खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) एजंट असेल तर अख्खं डोमेनसुद्धा.

बसवण्याचा भाग मला तसा आवडतो. सेटअपच्या आधी चालणारा प्रीरिक्विझिट चेकर बोलघेवडा आहे, पण खरं बोलतो. तो पिवळं दाखवतो तेही वाचा, लाल तर सोडूच नका. एसक्यूएल सर्व्हरचं, म्हणजे याच्या डेटाबेसचं, कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावण्याची पद्धत) एसक्यूएल-लॅटिन-1-जनरल-सीपी-1-सीआय-एएस हेच लागतं. डेटाबेसवाल्यांनी आपल्या नेहमीच्या सवयीने दुसरं ठेवलं असेल, तर सेटअप तिथेच थांबतो आणि एसक्यूएल पुन्हा टाकण्यावाचून किंवा त्याचे सिस्टिम डेटाबेस नव्याने बांधण्यावाचून गत्यंतर नसतं. तेव्हा सर्व्हर मागतानाच हे लेखी द्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (डोमेनमधल्या खात्यांच्या नोंदवहीचा) स्कीमा, म्हणजे नोंदींचा आराखडा, वाढवणं आता सक्तीचं नाही, तरी वाढवा. मग सिस्टिम मॅनेजमेंट नावाचा कंटेनर तयार करून साइट सर्व्हरच्या (एससीसीएमच्या मुख्य सर्व्हरच्या) कॉम्प्युटर खात्याला त्यावर फुल कंट्रोल द्यायचं. इथे एक टिचकी बहुतेकांची राहते: हा अधिकार त्या कंटेनरला आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या ऑब्जेक्टना लागू व्हायला हवा. नुसता वरवर दिला, तर साइटची माहिती डिरेक्टरीत नीट छापली जात नाही आणि क्लायंट, म्हणजे एजंट बसलेली मशीन, मॅनेजमेंट पॉइंट (त्यांच्याशी बोलणारा सर्व्हर) शोधत फिरतात.

आणखी एक जुनी युक्ती, जी माहीत नसेल तर हमखास मनस्ताप. ज्या ड्राइव्हवर पॅकेजचा पसारा नको, त्याच्या मुळाशी 'नो-एसएमएस-ऑन-ड्राइव्ह' या नावाची, एसएमएस एक्स्टेंशनची रिकामी फाइल ठेवायची. डिस्ट्रिब्यूशन पॉइंट, म्हणजे मशीनना फाइली पुरवणारा सर्व्हर, बसवण्याआधी. सी ड्राइव्हवर ही फाइल नसली की कंटेंट लायब्ररी (त्या फाइलींचा साठा) कधी ना कधी तिथे जाऊन बसते आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमचाच श्वास कोंडतो. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी सेटअपमध्ये एक साधा चौकोन द्यायला काय हरकत होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता क्लायंट. सर्व्हरवरून एजंट थेट ढकलण्याचा प्रकार, म्हणजे क्लायंट पुश, डेमोमध्ये फार छान दिसतो. मशीनवर राइट क्लिक, इन्स्टॉल क्लायंट, झालं. प्रत्यक्षात त्याला प्रत्येक मशीनवर लोकल ॲडमिन असलेलं खातं लागतं, 445 पोर्ट उघडा लागतो, ॲडमिन शेअर चालू लागतो आणि डब्ल्यूएमआयला (विंडोज दुरून हाताळण्याच्या सोयीला) फायरवॉलमधून वाट मिळावी लागते. यातलं काही अडलं की सर्व्हरवरच्या सीसीएम लॉगमध्ये आकडे उमटतात. एरर 5 म्हणजे अधिकार नाही. एरर 53 म्हणजे मशीनपर्यंत पोचताच आलं नाही: बंद असेल, डीएनएसमध्ये जुना पत्ता असेल किंवा फायरवॉल आडवी आली असेल. हे दोन आकडे ओळखीचे झाले की निम्मी तिकिटं (तक्रारी) फोनवरच निकालात निघतात.

एजंट उतरला की पुढचा प्रवास मशीनवरच्या लॉगमध्ये बघायचा. विंडोज फोल्डरात सीसीएमसेटअपच्या खाली लॉग्ज असतात. शेवटची ओळ रिटर्न कोड 0 म्हणाली की बसला, 7 म्हणाली की रीबूट हवा. पुढे क्लायंट-आयडी-मॅनेजर-स्टार्टअप या लॉगमध्ये नोंदणी, लोकेशन सर्व्हिसेसमध्ये मॅनेजमेंट पॉइंट सापडला का ते, आणि पॉलिसी एजंटमध्ये पॉलिसी, म्हणजे सर्व्हरच्या सूचना, आली का ते. याच क्रमाने वाचा, उलटं नको. सीएमट्रेस या लॉग वाचायच्या साधनात लाल-पिवळं रंगून येतं म्हणून लोक पहिल्या लाल ओळीवर झडप घालतात. निम्म्या वेळा ती निरुपद्रवी असते.

लॉग उघडायच्या आधीची माझी झटपट तपासणी सांगते. मशीनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा. पहिल्या टॅबवर क्लायंट सर्टिफिकेटपुढे सेल्फ-साइन्ड (स्वतःच काढलेलं) किंवा पीकेआय (संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेचं) दिसलं पाहिजे. 'नन' दिसलं तर नोंदणीच झालेली नाही. मग ॲक्शन्सचा टॅब. तिथे नुसत्या दोनच ओळी असतील, मशीन पॉलिसी आणि युजर पॉलिसी, तर एजंट बसलाय पण त्याला साइटकडून काहीच मिळालेलं नाही. ओळींची भली मोठी यादी दिसली तर मशीन ठणठणीत. हेल्पडेस्कच्या नव्या मुलांना मी सर्वात आधी हेच दाखवते.

नोंदणी झाली तरी पॅकेज उतरत नाही, अशी तक्रार आली तर दहातल्या नऊ वेळा दोष बाउंड्रीत, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांच्या आखलेल्या हद्दीत, असतो. मशीनचा आयपी कुठल्याही बाउंड्री ग्रुपमध्ये बसत नसेल, तर जवळचा डिस्ट्रिब्यूशन पॉइंट कुठला हे त्याला कोण सांगणार? नेटवर्कवाले नवा सबनेट काढतात आणि कळवत नाहीत, हे जगभर सारखंच असावं. व्हीपीएनवरच्या मशीनसाठी 2006 आवृत्तीपासून (हे साल नव्हे, 2020 च्या जूनवरून पडलेलं नाव) वेगळ्या प्रकारची बाउंड्री मिळते, ती जरूर वापरा. आणि हो, धीर धरा. पॉलिसी विचारायला क्लायंट मुळात दर 60 मिनिटांनी येतो, हार्डवेअरची यादी दर 7 दिवसांनी पाठवतो. 'आत्ता टाकलं, अजून दिसत का नाही' असं विचारणाऱ्या साहेबांना हे दोन आकडे पाठ करून ऐकवायचे.

इथपर्यंत सगळं तांत्रिक, वाचून जमणारं. खरा मामला सुरक्षेचा आहे, आणि तिथे या उत्पादनाचा जुनेपणा आड येतो. जुन्या सोयी काढल्या तर कुणाचं तरी अडेल म्हणून त्या वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या.

सर्वात आधी नेटवर्क ॲक्सेस अकाउंट. डोमेनमध्ये नसलेल्या मशीनला किंवा इमेज चढत असताना चालणाऱ्या विंडोज पीई या छोट्या विंडोजला डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवरच्या फाइली वाचता याव्यात म्हणून हे खातं असतं. त्याचं नाव आणि पासवर्ड पॉलिसीतून प्रत्येक क्लायंटवर जातो. तिथे तो डीपीएपीआय या विंडोजच्या सांकेतिक कुलपाने झाकून डब्ल्यूएमआयमध्ये ठेवला जातो, पण त्या मशीनवर जो लोकल ॲडमिन आहे त्याला तो उलगडता येतो. म्हणजे एका लॅपटॉपवर ॲडमिन झालेला माणूस हा पासवर्ड वाचू शकतो. आता विचार करा, त्या जागी एखाद्याने डोमेन ॲडमिनचं खातं टाकलं असेल तर? मी ज्या एजन्सीकडून ताबा घेतला तिने नेमकं हेच करून ठेवलं होतं. क्लायंट पुशसाठीही तेच खातं, डोमेन जॉइनसाठीही तेच. विचारलं तर उत्तर आलं, 'मॅडम, वेगवेगळी खाती केली की परमिशनचे प्रॉब्लेम येतात.' येतात ना! ते यावेत म्हणूनच तर वेगवेगळी करायची असतात.

यावरचा उपाय कंपनीने दिलेला आहे. 1806 आवृत्तीपासून एन्हान्स्ड एचटीटीपी नावाची सोय आली. साइट स्वतःच सर्टिफिकेट काढून आपल्या सिस्टिमना देते, पूर्ण पीकेआय उभारायची गरज पडत नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेटवर्क ॲक्सेस अकाउंटची गरजच संपते. साइटच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्युनिकेशन सिक्युरिटीखाली एक टिचकी. साधं एचटीटीपी तर 2103 आवृत्तीपासून कालबाह्य ठरवलेलंच आहे. अपवाद उरतात: टास्क सिक्वेन्समध्ये (इमेज चढवण्याच्या पायऱ्यांच्या यादीत) फाइली आधी न उतरवता थेट डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवरून चालवायच्या असतील तर ते खातं अजून लागतं. मी त्या सिक्वेन्सच बदलल्या.

मात्र कन्सोलमधून खातं काढलं म्हणून निश्चिंत होऊ नका. क्लायंटवरचा जुना तुकडा पॉलिसीतून गेला तरी डब्ल्यूएमआयच्या डेटाबेस फाइलमध्ये मागे राहू शकतो, आणि शोधणारे बरोबर तिथेच शोधतात. म्हणून खातं ॲक्टिव्ह डिरेक्टरीतच बंद करा. सर्व्हर बदलून झाल्यावर मी सर्वात आधी हे केलं, आणि कुठलं तिकीट येतंय का याची वाट बघत बसले. एक आलं, एका जुन्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी तोच पासवर्ड उघडा लिहून ठेवला होता. बरं झालं, तेही सापडलं.

दुसरं, क्लायंट पुशचं खातं. आपोआप पुश चालू ठेवला की साइट सर्व्हर नव्याने दिसलेल्या प्रत्येक मशीनकडे स्वतःहून जातो आणि तिथे लॉगिन करायला बघतो. आता ते मशीन हल्लेखोराचं असेल, आणि कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत जमली नाही म्हणून एनटीएलएम या जुन्या, कमकुवत पद्धतीवर उतरायची मुभा असेल, तर तो लॉगिनचा प्रयत्न पकडून तिसऱ्याच मशीनवर वळवता येतो. ठेवलेली पुश खाती चालली नाहीत तर साइट सर्व्हर शेवटी स्वतःचं कॉम्प्युटर खातं वापरून बघतो, म्हणजे आणखीच बिकट. क्लायंट पुशच्या सेटिंगमध्ये एनटीएलएमवर परत जाण्याची परवानगी देणारी टिचकी असते, ती काढा. सप्टेंबर 2022 मध्ये याच जागेसाठी एक पॅच आला होता. सर्व्हर त्याआधीच्या आवृत्तीवर अडकलेला असेल तर नुसती टिचकी काढून भागणार नाही. मी तर आपोआप पुश पूर्ण बंद केलाय. नव्या मशीनवर एजंट इमेजमधूनच जातो, उरलेल्यांवर ग्रुप पॉलिसीच्या (डोमेनभर नियम लावण्याच्या सोयीच्या) स्टार्टअप स्क्रिप्टने. सर्व मशीनवर ॲडमिन असलेलं एकही खातं त्यामुळे लागत नाही.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते. एसक्यूएल वेगळ्या सर्व्हरवर असेल, तर साइट सर्व्हरच्या कॉम्प्युटर खात्याला तिथे लोकल ॲडमिन आणि डेटाबेसमध्ये सिसॲडमिन (सर्वाधिकारी) असावं लागतं. त्या खात्याचं ऑथेंटिकेशन कुणी वळवून डेटाबेसवर नेलं, तर टेबलांत काही ओळी घालून तो स्वतःला फुल ॲडमिनिस्ट्रेटर करून घेऊ शकतो. कन्सोलचा पासवर्ड त्याला कधी लागतच नाही. हे वळवणं रोखायला एसक्यूएलवर एक्स्टेंडेड प्रोटेक्शन चालू करा, सर्व सिस्टिमवर एसएमबी साइनिंग सक्तीचं करा, आणि शक्य असेल तर डेटाबेस साइट सर्व्हरवरच ठेवा. साइट सर्व्हरला डोमेन कंट्रोलरच्या तोडीचा माना. त्यावर कोण लॉगिन करतं, कुठल्या मशीनवरून करतं, बॅकअप कुठे जातो, सगळं त्याच नियमाने. किल्ल्यांचा जुडगा खुंटीला टांगून तिजोरीला मात्र तीन कुलपं, असा कारभार मी फार ठिकाणी पाहिलाय.

पीएक्सईला, म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू करून इमेज चढवण्याच्या सोयीला, पासवर्ड लावा, तोही लांबलचक. दुबळा पासवर्ड असला की बूटच्या वेळी उतरणारी फाइल घरी नेऊन निवांत फोडता येते आणि त्यातून टास्क सिक्वेन्समधली गुपितं बाहेर पडतात. यावर जास्त लिहीत नाही, लावा एवढंच.

अधिकारांच्या वाटणीत मात्र एससीसीएम खरोखर उत्तम आहे. रोल (काय करता येईल), स्कोप (कुठल्या गोष्टींवर) आणि कलेक्शन (मशीनचा गट) या तिघांच्या मेळातून 'या मुलाला या विभागाच्या मशीनवर, एवढंच सॉफ्टवेअर, एवढंच करता येईल' असं नेमकं बांधता येतं. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी सगळ्यांना फुल ॲडमिनिस्ट्रेटर देऊन मोकळे होतात. स्क्रिप्ट चालवण्याच्या सोयीत एकाने लिहायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, ही अट मुळातच चालू असते. एकट्याने काम करणारे ती काढून टाकतात. काढू नका, दुसरा माणूस नसेल तर दुसरं खातं तरी ठेवा आणि रोजच्या खात्यातून मंजुरी देऊ नका.

चुकीच्या कलेक्शनवर काहीतरी सुटणं, ही या सॉफ्टवेअरची जुनी दहशत. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात मे 2014 मध्ये विंडोज 7 ची इमेज सगळ्याच विंडोज मशीनवर सुटली: लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हरसुद्धा. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ज्या सर्व्हरवरून ती सुटली होती तोही पुसला जाऊ लागला होता. आताच्या आवृत्त्यांमध्ये सक्तीने चढणाऱ्या टास्क सिक्वेन्ससाठी वेगळी खबरदारी आहे. 100 पेक्षा जास्त मशीन असलेली कलेक्शन निवडताना मुळात दिसतच नाहीत, मुद्दाम उघडावी लागतात, आणि साइट सिस्टिम असलेल्या कलेक्शनवर रोखही लावता येतो. साइटच्या प्रॉपर्टीजमध्ये डिप्लॉयमेंट व्हेरिफिकेशन बघा. तिथे कमाल आकडा 0 असतो, म्हणजे वरची मर्यादाच नाही. मी तो आमच्या सर्वात मोठ्या खऱ्या गरजेइतका ठेवलाय. सर्व्हरचं कलेक्शन तर इमेजच्या बाबतीत कुणालाच दिसत नाही, मलाही नाही.

पॅच मारण्याचं काम पोटात डब्ल्यूएसयूएस हा विंडोजचा अपडेट सर्व्हर करतो, आणि तोच या गाडीचा खिळखिळा भाग. आयआयएस या वेब सर्व्हरमधल्या डब्ल्यूएसयूएस पूलची (त्याच्या प्रक्रियेची) मेमरी मर्यादा मुळात सुमारे 1.8 जीबी असते. क्लायंट वाढले की पूल कोसळतो, मशीन स्कॅन होत नाहीत आणि अहवालात सगळं 'अननोन' दिसतं. मर्यादा वाढवा किंवा 0 करून मोकळी सोडा, आणि नको असलेले अपडेट नियमाने नाकारत जा. नुकतंच उभं करत असाल तर 8531 पोर्टवर, सर्टिफिकेटसह चालवा. नंतर बदलणं जिवावर येतं. 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसयूएसमध्ये नवं काही घालणार नाही असं जाहीर केलं, त्यामुळे तो यापेक्षा सुधारेल अशी आशा नको.

भरभरून कौतुक करायचं तर सीएमपिव्होटचं, म्हणजे मशीनना थेट प्रश्न विचारण्याच्या सोयीचं. एखादी असुरक्षितता जाहीर झाली आणि वरून विचारणा आली, 'आपल्याकडे किती मशीनवर ही फाइल आहे?' तर कलेक्शनवर राइट क्लिक, दोन ओळींची क्वेरी, आणि चालू असलेली मशीन डोळ्यांसमोर उत्तरं देऊ लागतात. क्लायंट 10123 पोर्टवर सर्व्हरशी जोडलेला राहतो, त्यामुळे पॉलिसीच्या तासाभराची वाट बघावी लागत नाही. ग्राफ भरत जाताना बघायला मला अजून मजा येते. बंद मशीनही नंतर उठली की उत्तर देतात, पण खिडकी उघडी ठेवावी लागते.

आवृत्त्यांची नावं साल-महिन्यावरून असतात, म्हणजे 2403 ही 2024 च्या मार्चची. प्रत्येकीला 18 महिने आधार मिळतो. कन्सोलमधूनच अपग्रेड होतं आणि ते इतकं बिनबोभाट होतं की इतरांनी शिकावं. तेव्हा मागे राहायला सबब नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मॅनेजमेंट पॉइंटमधली एक एसक्यूएल इंजेक्शनची (डेटाबेसमध्ये परके हुकूम घुसवण्याची) फट बंद झाली. तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-2024-43468, गांभीर्य 10 पैकी 9.8, आणि लॉगिन न करता बाहेरून कोड चालवता येत होता. कन्सोलमध्ये 'अपडेट उपलब्ध' दिसूनही 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

घ्यावं का? इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या भावंडाच्या परवान्यात हे येतंच, त्यामुळे प्रश्न परवान्यापेक्षा माणसांचा आहे. सर्व्हर आहेत, जागेवर इमेज चढवावी लागते, इंटरनेट नसलेली किंवा मंद लाइनवरची मशीन आहेत, आणि हे सांभाळायला निदान एक माणूस पूर्ण वेळ आहे, तर डोळे मिटून घ्या. मिश्र कारभार असेल तर 1710 आवृत्तीपासून आलेलं को-मॅनेजमेंट (दोन्ही एकत्र चालवणं) चालू करा आणि कामं एकेक करून इंट्यूनकडे सरकवा. मी कम्प्लायन्स (मशीन नियमांत बसतं का ही तपासणी) आधी सरकवलं, पॅच नंतर, सॉफ्टवेअर अजून इकडेच ठेवलंय. आणि सगळेच लॅपटॉप घेऊन फिरणारे, ऑफिसात सर्व्हर एकही नाही, आयटीत दीड माणूस, अशी स्थिती असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, थेट इंट्यूनच घ्या.